भिंतीचा आवाज

हैदराबादेतल्या कृष्णानगरच्या चौथ्या गल्लीत, टेलरच्या दुकानावरच्या खोलीत मंगतायारू मुलामुलींना कॅमेऱ्यासमोर उभं राहायला शिकवायची. ऑफिसांच्या पायऱ्या झिजवायचे दिवस आता गेले. हल्ली कास्टिंगवाले दोन पानांचा प्रसंग फोनवर पाठवतात आणि पोरांनी तो घरीच रेकॉर्ड करून संध्याकाळच्या आत परत धाडायचा. खोलीच्या एका भिंतीला निळी चादर, समोर स्टँडवर फोन, आणि फोनला अगदी खेटून स्टुलावर मंगतायारू. समोरच्या पात्राची वाक्यं ती वाचायची. चित्रात ती कधी दिसायची नाही, नुसता आवाज.

"वाचणाऱ्याने भिंत व्हायचं," हा तिचा पहिला नियम. "चेंडू मारला की परत आला पाहिजे, भिंतीचं काम तेवढंच. भिंतच नाचायला लागली तर तुमच्याकडे कोण कुत्रं बघणार?"

भिंत कशी असते हे तिला कुणी सांगायला नको होतं. बावीस वर्षं ती सिनेमात भिंतीसारखीच उभी होती. तेनालीच्या नाटक मंडळीत तिने राण्या केल्या, शेवटच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसायच्या. हैदराबादेत आली आणि लग्नाच्या मांडवात ताट धरणारी झाली, नायिकेच्या आईमागे उभी राहून 'अय्यो' म्हणणारी झाली. पात्राला नाव म्हणून कधी मिळालं नाही. आता चौपन्न पूर्ण झाली तरी एक इच्छा काही केल्या मरत नव्हती. एकदा, एकदाच, पात्राला नाव असावं आणि कॅमेऱ्याने आपल्याकडे बघावं. पण स्वतःचं ऑडिशन पाठवायचं तर शेजारी बसून वाचणार कोण? साऱ्या जगाची वाक्यं वाचणाऱ्या बाईला स्वतःसाठी वाचणारं माणूस नव्हतं.

"मी वाचेन की, पिन्नी," हारिका म्हणायची. "मला एकदा मार्गाला लागू दे, मग बघ."

हारिका जगित्यालची. वर्षापूर्वी एक बॅग आणि तोंडभर गावाकडची भाषा घेऊन आली. पहिला महिना 'मॅडम, तुम्ही' चाललं. दुसऱ्या महिन्यात 'पिन्नी', म्हणजे मावशी, आणि लगेच 'तू'. हॉस्टेलवालीशी भांडण झालं तेव्हा बॅग उचलून ती सरळ या खोलीतच राहायला आली. मंगतायारूने तिला डोळे स्थिर ठेवायला शिकवलं, हात आवरायला शिकवलं, रडू पापणीवर अडवून धरायला शिकवलं. तापात तिला गोंगुऱ्याची चटणी आणि गरम भात कालवून भरवला. दुसऱ्याच्या लेकीला इतका जीव लावू नये असं टेलरची बायको म्हणायची. शहाणी बाई होती ती. तिचं कोण ऐकतो!

त्या दिवशीच्या प्रसंगात मुलगी घर सोडून निघालेली असते आणि आई बंद दाराआडून तिच्याशी बोलते. दुपारचे दोन वाजलेले. पंखा बंद, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. फ्रिजचा प्लगही त्याचसाठी काढलेला. अकरा टेक झाले, दोघी घामाने निथळत होत्या आणि हारिकाचा चेहरा कोरडा ठाक.

"पिन्नी, येतच नाहीये गं. पाच वाजेपर्यंत पाठवायचंय!"

"गप्प उभी राहा. पुन्हा."

बाराव्या टेकला मंगतायारू भिंत राहिली नाही. आईचं शेवटचं वाक्य तसं साधंच होतं. 'जा. पण चपला घालून जा, अंगणात काटे आहेत.' ते म्हणताना तिने कागदाकडे बघितलंच नाही. बावीस वर्षांत कुणी मागितलं नव्हतं ते सगळं त्या एका वाक्यात आलं. हारिकाच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पापणीवर थांबलं, आणि मग एकच थेंब ओघळला.

टेक संपला तशी हारिका तिच्या गळ्यातच पडली. "पिन्नी, तू तर नियमच मोडलास!"

"एकदाच मोडला. कुणाला सांगू नकोस."

हारिकाने आपल्याच फोनवरून तो टेक पाठवला आणि त्या गडबडीत फ्रिजचा प्लग लावायचा राहिला. रात्रीपर्यंत दही आंबट ढाण झालं. तोंडं वेडीवाकडी करत, हसत हसत दोघींनी तेच भातावर घेतलं.

नवव्या दिवशी हारिकाची निवड झाली. तिने पूतरेकुलू मिठाईचा डबा आणला, वाकून पाया पडली, गल्लीभर फोन केले. मंगतायारूने तिची दृष्ट काढली. मग मिठाईचा चुरा पुसायच्या निमित्ताने मान खाली घालून तिने विचारलं, "आईचं काम कोण करतंय गं?"

हारिका डब्याचं झाकण लावत होती. "चेन्नईची कुणीतरी आहे. मोठी आहे म्हणे. आधीच ठरलं होतं ते."

"बरं झालं. मोठ्या माणसासमोर काम शिकायला मिळतं," मंगतायारू म्हणाली, आणि तो विषय तिने मनातून काढून टाकला. निदान काढल्यासारखं केलं.

हारिका शूटिंगसाठी अरकूला गेली. पहिल्या आठवड्यात रोज फोन यायचा, मग एक दिवसाआड, मग मेसेजमधून नुसते हसरे चेहरे यायला लागले. महिना असा गेला. एका दुपारी दुसऱ्या एका मुलाची फाइल उघडत नाही म्हणून कास्टिंग ऑफिसातल्या फणींद्रचा फोन आला. आजवर त्याच्याशी जे काही व्हायचं ते मेसेजवरच; पोरांच्या रेकॉर्डिंगमधला भिंतीचा सपाट आवाज सोडला तर तिचा खरा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

"फाइल पुन्हा पाठवते, बाबू," मंगतायारू म्हणाली.

पलीकडे तो हसला. "मॅडमगारू, तुमचा आवाज ऐकून दचकलोच की हो. आमच्या हारिकाच्या टेपमध्ये तिच्या पिन्नीचा आवाज आहे ना, थेट तसाच!"

"पिन्नीचा?"

"हो. आईची वाक्यं वाचलीयत तिने. डायरेक्टरसाहेब वेडे झाले होते तो आवाज ऐकून. म्हणाले, पोरगी ठीक आहे, पण ही बाई आधी शोधा, आईचं काम हिलाच द्यायचं. मीच फोन केला होता हारिकाला. तर बिचारी रडायलाच लागली. पोटाच्या दुखण्याने गेली म्हणे पिन्नी, टेप पाठवल्यावर चारच दिवसांनी. मग नाइलाजाने चेन्नईहून बोलावली दुसरी. तिचं काम संपलंसुद्धा परवा. पण साहेब अजून हळहळतात, ती बाई जगायला हवी होती म्हणून."

मंगतायारू स्टुलावर बसली. मी जिवंत आहे असं फोनवर ओरडून सांगावं, असं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण काम तर संपलं होतं. मग कुणासाठी जिवंत व्हायचं? आणि खरं सांगायचं तर तिचा विश्वासच बसत नव्हता. आपल्या ताटात जेवलेली पोर असं करेल?

"फाइल पाठवते," एवढंच ती म्हणाली.

नंतर सगळं एकेक करून आठवत गेलं. डब्याचं झाकण लावताना खाली गेलेली ती नजर. 'आधीच ठरलं होतं'. कॅमेऱ्यासमोर नजर कशी चुकवायची हेही हिला आपणच शिकवलं. केसाने गळा कापला कार्टीने, आणि कापताना पिन्नी म्हणाली! दोन दिवस मंगतायारूने चूल पेटवली नाही. मुलांना सांगितलं, बरं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी हारिका दारात उभी. अंगावर नवा ड्रेस, हातात अरकूच्या कॉफीची पिशवी.

"पिन्नी! किती वाळलीस गं! हे बघ, आजच पाठवायचंय, फार मोठी कंपनी आहे. आई-मुलीचाच सीन. तू वाचलंस की झालंच माझं काम!"

मंगतायारूने कॉफीची पिशवी घेऊन ओट्यावर ठेवली. पंखा बंद केला. फ्रिजचा प्लग काढला. फोन स्टँडला लावून रेकॉर्डिंग चालू केलं, स्टुलावर बसली आणि वाचायला लागली. एक टेक झाला, दोन झाले, चार झाले.

"काय हे, पिन्नी? सरकारी नोटीस वाचल्यासारखं वाचतेयस! त्या दिवशी वाचलंस तसं वाच ना."

"त्या दिवशी तुझी पिन्नी वाचत होती," मंगतायारू त्याच सपाट आवाजात म्हणाली. "ती गेली ना? पोटाच्या दुखण्याने. फणींद्र सांगत होता."

हारिकाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. फोनवरचा लाल ठिपका चालूच होता.

"पिन्नी, मी... त्याने विचारलं तेव्हा माझ्याबद्दल एक शब्द नाही गं बोलला. नुसतं तुझंच. चेहरा माझा बघितला सगळ्यांनी, आणि विचारत होते तुला! तू समोर आली असतीस तर माझ्याकडे कोण बघणार होतं? तूच म्हणतेस ना, भिंत नाचायला लागली तर..."

"म्हणून मारून टाकलंस?"

"तोंडातून निघून गेलं. मग मागे घेता येईना."

"मला सांगितलं असतंस तर मीच नको म्हटलं असतं."

खरंच म्हटलं असतं का, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. बावीस वर्षांनी कुणीतरी तिला शोधत होतं. नावाने नसेल, पण आवाजाने शोधत होतं. आणि तो आवाज कुणाचा हे ठाऊक असलेल्या एकुलत्या एका माणसाने ती मेली म्हणून सांगितलं होतं.

हारिका रडत होती. "माफ कर ना, पिन्नी. एकदा बोल ना माझ्याशी. मी सांगते त्यांना, आत्ता सांगते!"

पाणी पापणीवर थांबलं होतं. हात स्थिर होते, नजर जिथे हवी तिथेच होती. जे जे शिकवलं ते सगळं होतं, आणि ते आपल्याला अजूनही दिसतंय याचीच मंगतायारूला किळस आली. तिने फोन बंद केला नाही. कागदावर बोट ठेवून आईचं पुढचं वाक्य तिने भिंतीने वाचावं तसं वाचलं.

"आता तुझं वाक्य," ती म्हणाली. "डोळे पुसू नकोस. चांगलं दिसतंय."