पट्टी पोचली का?

"आमच्याकडनं गेलीय ओ मॅडम! हिरवं लागलंय, 'गेली' म्हणून," मंडणगडच्या दवाखान्यातून मालन सिस्टर तिसऱ्यांदा सांगत होत्या.

"डॉक्टर अक्षयांना नुसतं नाव दिसतंय, सिस्टर. धाकू, वय अठ्ठावन्न. पट्टीची जागा कोरी आहे."

ज्ञानेश्वरी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, दोन खोल्यांच्या कंपनीत बसली होती. खेड्यातल्या ईसीजीच्या पट्ट्या रत्नागिरीच्या डॉक्टरांना दाखवणारा प्रोग्राम तिनं एकटीनं लिहिला होता आणि त्याचं कौतुक ऐकायची तिला चांगलीच सवय झाली होती. आज त्यानं दगा दिला, तोही छातीत कळ आलेल्या माणसाच्या वेळी. मोबाइलवर काढलेल्या फोटोत रेषा पुसट होत्या. पट्टी नीट पाहिल्याशिवाय पेशंटला घरीही सोडायचं नाही आणि घाटातून हलवायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"कसे आहेत ते?"

"घामाघूम झालेत. मी मरतंय काय, विचारतायत. काय सांगू?"

"थांबा, बघते," म्हणत ज्ञानेश्वरीनं कीबोर्ड पुढ्यात ओढला.

दवाखान्याची इंटरनेटची लाइन सोमवारीच बदलली होती. म्हणजे नाव लहान म्हणून जातंय आणि पट्टी मोठी म्हणून अडतेय. इथूनच मंडणगडच्या मशीनमध्ये शिरून तिनं चाचणीची पॅकेट, म्हणजे माहितीचे लहान-मोठे गठ्ठे, सोडली, वाटेत तुकडे करायचे नाहीत अशी अट घालून. चौदाशे बाइटचं गडप झालं. तेराशेचं पोचलं. वाटेत कुठंतरी अरुंद जागा होती. अशा जागचा राउटर मागे निरोप धाडतो, एवढं मोठं मावत नाही, अमुक मापाचं पाठवा. तो निरोप कुठं गेला?

तो तिनंच अडवला होता. गेल्या वर्षी सुरक्षिततेच्या नावाखाली दवाखान्यांच्या मशीनवर बाहेरून येणारे असले सगळे निरोप तिनं बंद केले आणि साहेबांची शाबासकीही मिळवली. जुन्या लाइनवर अरुंद जागाच नव्हती, म्हणून ते कधी नडलं नाही. वर 'गेली' हा शब्दही तिचाच. मशीनमधून पॅकेट बाहेर पडलं की हिरवं, मग पोचो न पोचो. मुंबईला निघालेला भाऊ पोचल्याचा फोन येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि इथं मात्र बाई खुशाल निश्चिंत! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सिस्टर, चूक माझी आहे. पाच मिनिटं द्या."

तिनं निरोपांची वाट उघडली. निरोपातून कळेल त्या मापाची पॅकेट करायला प्रोग्रामला लावलं. एक आकडा दोनदा चुकला.

"पाठवा आता."

दुसऱ्या फोनवर डॉक्टर अक्षया होत्या; तिनं दोन्ही फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवले. "आली. नीट बघते," त्या म्हणाल्या.

"हार्ट ठीक दिसतंय. काय काम करतात ते?"

"चिरेखाणीवर असतात, दगड उचलायला," मालन सिस्टरांनी सांगितलं.

"मग स्नायू धरला असेल. आज तिथंच झोपवून ठेवा, दुपारी परत पट्टी काढा. पण घाबरायचं कारण नाही म्हणावं."

सिस्टरांनी ते मोठ्यानं सांगितलं. ज्ञानेश्वरी खुर्चीत मागे टेकली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तेवढ्यात फोनमधून एका बाईच्या हुंदक्यांचा आवाज आला.

"कोण रडतंय, सिस्टर?"

"हौसा, त्यांची बायको. सकाळपासनं इथंच भिंतीला टेकून उभी होती. एक शब्द बोलली नव्हती."

"रडू दे तिला," ज्ञानेश्वरी म्हणाली, आणि फोन उचलून कानाला धरून बसली.