नाल्याचा खालचा अर्धा

पोकलेनचा आवाज ऐकून यशोधराने तव्यावरची चपाती अर्धीकच्चीच उतरवली आणि ती बाहेर आली. सगळं जेतवननगर रस्त्यावर होतं. पोरं मातीच्या ढिगावर चढत होती, बाया त्यांना खाली ओढत होत्या, कुणी मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढत होतं. मार्च महिन्यात विहारासमोर जिथे भूमिपूजनाचा मंडप घातला होता, बरोबर तिथेच यंत्राने जुन्या गटाराचा काठ उकरायला घेतला होता.

“आली, आली आपली नगरसेविका!” वेणूबाई लांबूनच ओरडली. “ये गं पोरी, बघ. इतकी वर्षं प्रशासक होता, एक वीट हलली नाही. तू आलीस आणि मशीन आलं.”

यशोधरा हसली, पण तिची नजर यंत्रावरून पुढे, उताराकडे गेली होती.

आंबेटेंभे हे बदलापूर सोडून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं की येणारं गाव. वाढत वाढत त्याची नगरपरिषद झाली. कामाला लोक अंबरनाथच्या कंपन्यांत जातात आणि लग्नाचे कपडे घ्यायला उल्हासनगरला. टेकडीवरून येणारा नाला आधी जेतवननगरातून जातो, मग खालच्या चाळीला वळसा घालून रस्त्याखालच्या एका जुन्या मोरीतून नदीला मिळतो. वर त्या नाल्याचं गटार झालं होतं. कडा ढासळलेल्या, तळाशी प्लास्टिकचा थर, आणि दर पावसाळ्यात घाण पाणी घरात. खाली तो अरुंद होत होत मोरीच्या नळात शिरायचा. हा सबंध नाला रुंद आणि पक्का बांधायचा, एवढं एकच आश्वासन यशोधराने निवडणुकीत दिलं होतं. त्याआधी ती शाळेत विज्ञान शिकवायची. पाणी कुठून कुठे जातं आणि किती जोराने, हे तिने फळ्यावर अनेकदा काढून दाखवलं होतं.

म्हणूनच पुढचं तिला लगेच दिसलं. वरचा नाला आधी रुंद आणि गुळगुळीत झाला, तर टेकडीचं जे पाणी आज वाटेत अडतं, रेंगाळतं, पसरतं, ते एका दमात खाली जाणार. आणि खाली तोच जुना नळ. त्यात मावेल तेवढं नदीला जाईल, उरलेलं चाळीत शिरेल.

ठेकेदाराचा सुपरवायझर धर्मेश यंत्रापाशी उभा होता. तिने त्याला बाजूला घेतलं.

“धर्मेश, काम मोरीपासून सुरू व्हायला हवं ना? खालून वर?”

त्याने कानातला इअरफोन काढला. “मॅडम, कुदळ कुठं मारली तुम्ही?”

“इथे.”

“मग काम पण इथनंच. जिथं कुदळ, तिथनं काम. आपल्या लाइनीत असंच असतंय.”

कुदळ तिनेच मारली होती. मोरीपाशी मंडपाला जागा नव्हती, आणि चाळ तर विरोधी पक्षाचा नगरसेवक राजेंद्र याच्या प्रभागात, म्हणजे तिची मतंही तिथे नव्हती. कार्यकर्ते नारळ घेऊन आले, तेव्हा ती म्हणाली होती, नारळ मी फोडणार नाही, कुदळ मारते. त्यावर बरीच कुजबुज झाली, शेवटी नारळ नगराध्यक्षांनी फोडला. नारळाच्या त्या तिढ्यात ती इतकी गुंतली की कुदळ कुठे पडते आहे याकडे तिचं लक्षच राहिलं नाही. कुदळ फोटोपुरती असते, असंच ती समजत होती.

धर्मेशला काम थांबवायला सांगून ती तडक नगरपरिषदेत गेली. नगर अभियंता अल्पेश वयाने तिच्यापेक्षा लहान होता, सरळ होता, आणि सगळ्यांना घाबरून होता.

“नकाशा सबंध नाल्याचा आहे, मॅडम,” तो म्हणाला. “पण राज्याकडून पैसे अर्ध्याचेच आले. ठरावात लिहिलंय, नाला बांधकाम, टप्पा एक. कोणता अर्धा, ते लिहिलेलं नाही.”

“मग ते कोण ठरवतं?”

अल्पेश ओशाळला. “कुदळ.”

“तुम्ही इंजिनिअर आहात ना?”

“आहे ना. मी खालूनच धरलं होतं. पण तुम्ही वर कुदळ मारलीत, साहेबांनी नारळ फोडला, पेपरात फोटो आला. त्यानंतर मी खाली काम लावलं असतं, तर तुमच्याच वस्तीने माझ्या केबिनला टाळं ठोकलं असतं. मला वाटलं, तुम्हाला वरचंच हवंय.”

“आणि मला वाटलं, तुम्ही बघाल.”

तिने टेबलावरचा नकाशा स्वतःकडे ओढला.

“अजून बदलता येईल का?” तिने विचारलं.

“येईल. आजच खणायला घेतलंय, बुजवता येईल. पण खालचा भाग राजेंद्रभाऊंच्या प्रभागात येतो. तुमचं आणि त्यांचं, दोघांचं संमतिपत्र लागेल.” तो थांबला. “पण पैसे तेवढेच आहेत, मॅडम. खाली काम झालं, की वर यंदा काही नाही. आणि दुसरा टप्पा कधी येईल, मी सांगू शकत नाही.”

“थांबलो तर? दोन्ही एकदम करायचं म्हटलं तर?”

“तर हेही पैसे परत जातील.”

राजेंद्रचं हार्डवेअरचं दुकान बाजारात होतं आणि त्याचं संपर्क कार्यालय त्याच दुकानाच्या पोटमाळ्यावर. यशोधरा लोखंडी जिना चढून वर आली, तेव्हा तो खुर्चीतून अर्धा उठला.

“या ताई, या! विरोधी पक्षाच्या दारात? खाली कुणी बघितलं नाही ना? उद्या दोघांनाही नोटीस येईल.”

तिने एका दमात सगळं सांगितलं. राजेंद्र चहाचा ग्लास हातात तसाच धरून ऐकत होता.

“म्हणजे तुमचं काम झालं, की माझी चाळ पाण्यात.”

“हो.”

“आणि हे तुम्ही स्वतः येऊन सांगताय.” जास्त आलेले सुट्टे पैसे परत करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार बघतो, तसं तो तिच्याकडे बघत होता. “बरं. सही करतो. पण कुदळ माझी. फ्लेक्सवर फोटोही माझाच.”

“फोटो तुमचा घ्या. पण दुसऱ्या टप्प्याचा विषय सभेत येईल, तेव्हा वरच्यासाठी हात वर करायचा.”

“दिला शब्द. राजेंद्रचा शब्द म्हणजे काँक्रीट, ताई.”

“कुठल्या ठेकेदाराचं?”

तो इतका मोठ्याने हसला की खाली दुकानातला नोकर वर बघायला लागला.

संध्याकाळी तिने विहारात सगळ्यांना बोलावलं. यंत्र बंद करून ठेवलेलं लोकांनी दिवसभर पाहिलं होतं, त्यामुळे सतरंजीवर माणसं आधीच घुश्शात बसली होती. तिने नकाशा भिंतीला लावला आणि वर्गात सांगायची तसं सांगितलं. टेकडी, वस्ती, चाळ, मोरी. मागच्या रांगेतला संतोष तिचाच एकेकाळचा विद्यार्थी, आता कुरिअर कंपनीत होता. तो उभा राहिला.

“मॅडम, त्या चाळीने तुम्हाला एक मत तरी दिलं का? मग जाऊ दे ना पाणी खाली. पाणी खालीच जातं, सायन्स आहे ते!”

दोघे-तिघे हसले. यशोधरालाही क्षणभर हसू आलं.

“सायन्सच आहे, संतोष. तुला मीच शिकवलंय. ते खाली जाईल आणि कुणाच्या घरात जाईल, हे मला आत्ताच दिसतंय. दिसत असताना करू?”

“आणि आमच्या घरात येतं, ते नाही दिसत?” वेणूबाई बसल्या जागेवरून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “दर साली घमेल्याने घाण उपसते मी.”

“माझ्या घरीही येतं, मावशी.”

“तुझं घर जोत्यावर आहे गं. तुझ्या पायरीला लागून जातं. माझ्या गॅसच्या शेगडीखाली येतं.”

हे खरं होतं. यशोधराने नकाशाकडे पाहिलं, पण त्यात कुणाचं जोतं किती उंच ते दाखवलेलं नव्हतं.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “कुदळ खाली मोरीपाशी मारायला हवी होती. मग तुमच्या ताटातलं काढून घेतलं, असं आज झालं नसतं.”

“तेव्हा सांगितलं असतंस, तर तेव्हाच भांडलो असतो,” वेणूबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. “मी तुझ्यासाठी दारोदार फिरले, यशोधरा. उन्हातान्हात. आता दारोदार काय सांगू?”

ती गेली. तिच्यामागे बाकीच्या बायाही उठल्या. सतरंजी गुंडाळायला कुणी थांबलं नाही, म्हणून ती यशोधराने एकटीने गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी तिने संमतिपत्रावर सही केली आणि विहारासमोरचा खड्डा बुजवला गेला. त्याच आठवड्यात मोरीपाशी बँजो वाजला. राजेंद्रने कुदळ मारली, नारळही फोडला. फ्लेक्सवर लिहिलं होतं, राजेंद्रभाऊंच्या अथक प्रयत्नांना यश. तो फ्लेक्स जेतवननगरातून स्टेशनच्या रिक्षा पकडायला जाणाऱ्या प्रत्येकाला वाटेत दिसायचा, आणि संध्याकाळी परत येतानाही दिसायचा. आळीतले लोक यशोधराशी बोलायचे बंद झाले नाहीत, फक्त कामापुरतं बोलायला लागले. वेणूबाई तर तिला “मॅडम” म्हणू लागली. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

मे संपायच्या आत मोरी फोडून तिथे नळाच्या जागी काँक्रीटची मोठी पेटी बसली आणि चाळीभोवतीचा नाला बांधून झाला. यशोधरा रोज जाऊन बघायची. काम चांगलं झालं होतं.

जुलैत दोन दिवस आभाळ फाटल्यासारखा पाऊस लागला. जेतवननगरात पाणी नेहमीसारखंच आलं, काळं, वासाचं, पिशव्या घेऊन. यशोधराने पायरीवर पाणी चढलेलं पाहिलं आणि साडी खोचून ती वेणूबाईच्या घरी गेली. वेणूबाई एकटीच तांदळाची कोठी पलंगावर चढवायला बघत होती. यशोधराने दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून कोठी वर ठेवली.

“झालं मॅडम. जा आता,” वेणूबाई म्हणाली.

पाऊस जरा उघडल्यावर यशोधरा उतरून मोरीपाशी गेली. नव्या नाल्यातून पाणी गढूळ, भरून, पण काठाच्या आतून नदीकडे चाललं होतं. चाळीच्या ओट्यावर पोरं कॅरम खेळत होती. ती तिथे बराच वेळ उभी राहिली. तिला बरं वाटायला हवं होतं. ते थोडं वाटलंही, पण पायांना अजून वेणूबाईच्या घरातला वास येत होता.

ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेत दुसऱ्या टप्प्याचा विषय आला. राज्याचं अनुदान येणार नव्हतं, म्हणून नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून थोडी रक्कम बाजूला काढायची, अशी तिची सूचना होती. तिने ती वाचून दाखवली. नगराध्यक्षांनी सभागृहाकडे पाहिलं.

राजेंद्र उठला. “अध्यक्षसाहेब, जुलैत एवढा पाऊस झाला. माझ्या चाळीत थेंब शिरला नाही. म्हणजे नाला व्यवस्थित चाललाय. मग घाई कसली? त्या पैशात आधी उद्यान घ्या. पोरांना खेळायला जागा नाही.”

“राजेंद्रभाऊ,” यशोधरा म्हणाली, “शब्द दिला होतात.”

“शब्द आहेच ताई, मी कुठं नाही म्हणालो? फक्त पुढच्या सभेला.”

बाकांवर हशा पिकला. यशोधराला सांगायचं होतं की चाळ कोरडी राहिली ती ज्या कामामुळे, ते काम कुणाच्या दारातून उचलून तिथे नेलं होतं. तिने ते सांगितलंही. पण समोरच्या चेहऱ्यांवर काही उमटलं नाही. पाणी आलं असतं, हे ती कशावरून दाखवणार? न आलेल्या पाण्याची ओल भिंतीवर राहत नाही. कोपऱ्यात बसलेल्या अल्पेशने एकदा तोंड उघडलं, नगराध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने ते मिटलं. विषय पुढे ढकलला गेला. उद्यानाचा मंजूर झाला.

ती आळीत परतली तेव्हा वेणूबाई दारात उभी होती. गटारावर तिने एक फळी टाकली होती, त्यावरून घरात जायचं.

“काय झालं सभेत?”

“पुढे ढकललं.”

“राजेंद्राने हात वर नाही केला?”

“नाही.”

वेणूबाईने मान हलवली. हे तिला अगोदरच ठाऊक असावं. “मग आता काय करणार तू?”

बऱ्याच दिवसांनी तिने “तू” म्हटलं होतं, पण त्यात माया नव्हती. फक्त प्रश्न होता.

“पुढच्या सभेत परत मांडणार.”

“ते परत ढकलतील.”

“ढकलतील.”

“मग?”

“मावशी, सभा बघायला कुणालाही येता येतं. मागे बाकं असतात, नेहमी रिकामी. पुढच्या सभेला तुम्ही यायचं माझ्याबरोबर. सगळ्यांनी. घरून निघाल्या तशाच, चपला न धुता.”

वेणूबाईने आपल्या चपलांकडे पाहिलं, मग यशोधराच्या.

“बघू,” ती म्हणाली. “आळीत विचारते. येतील का नाही, सांगत नाही. तुझ्यासाठी तर नाहीच येणार.”

“माझ्यासाठी नका येऊ.”

वेणूबाईने दार ओढून घेतलं, पण कडी लावल्याचा आवाज आला नाही. यशोधरा फळीपाशी थोडा वेळ थांबली आणि मग शेजारच्या दाराकडे वळली. तिथेही तेच सांगायचं होतं.