भावाच्या नावाचं सूप

वडील जिन्यावरून पडले, जबडा मोडला आणि डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं आवळून टाकले. आता फक्त पातळ, तेही नळीनं. वहिनीनं नाना प्रकार करून पाहिले, पण दोन घोट घेऊन ते मान फिरवायचे. शेवटी तिनं नणंदेला फोन केला, सूप करून द्याल का म्हणून.

नणंद लॉन्ड्रीत इस्त्री करायची. नवऱ्याला सोडून ती माहेरी आली, तेव्हा वडिलांनी तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. त्यानंतर बापलेकीत शब्द नव्हता. तरी ती लगेच हो म्हणाली.

"तुमचं नाव मात्र काढायचं नाही हं, ताई," वहिनी म्हणाली. "बाबा तोंडही लावायचे नाहीत."

मग रोज कामावर निघण्याआधी ती आपल्या खोलीवर कोंबडीची हाडं, माना, पाय खरपूस भाजून स्लो कुकरमध्ये टाकायची. वर कांदा, गाजर, थोडे मिरे, हाडांतलं सत्त्व उतरावं म्हणून चमचाभर व्हिनेगर, आणि बुडेल इतकं पाणी. दिवसभर ते मंद आचेवर मुरायचं. संध्याकाळी ती जिन्यात पाऊल टाकायची तोच वास सामोरा यायचा. गाळून, वरचा तवंग काढून ती थर्मास भरायची आणि भाऊ ऑफिसातून येताना घेऊन जायचा.

वडिलांना ते मानवलं. चेहऱ्यावर तजेला आला. भेटायला येणाऱ्यांना ते आवळलेल्या दातांतून कौतुकानं सांगायचे, मुलगा करतो, नोकरी सांभाळून. भाऊ नुसता हसायचा.

"बाबा म्हणाले, माझ्या हाताला आईची चव आहे," एकदा थर्मास उचलताना त्यानं तिला गंमत म्हणून सांगितलं.

ते तिच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी थर्मास घेऊन ती स्वतःच गेली. कप भरून वडिलांपुढे धरला.

"हे मी करते, बाबा. पहिल्यापासून मीच करतेय."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"फसवून पाजलंत मला," ते म्हणाले आणि कप बाजूला सारला.

तिनं कपातलं सूप परत थर्मासात ओतलं आणि ती निघाली. भाऊ तिच्यामागे जिन्यापर्यंत आला, तो तिची समजूत काढायला नव्हे.

"काय अडलं होतं तुझं, ताई? सगळं सुरळीत चाललं होतं ना?"

वडिलांनी पुढचे दोन दिवस पाण्यावर काढले. वहिनीचा पुन्हा फोन आला. या वेळी विकतचं म्हणून देऊ, म्हणाली. ते मात्र नणंदेला जमणार नव्हतं. तिनं कृती सांगितली, हाडं कशी भाजायची तेही समजावलं. वहिनीला एवढा वेळ कुठला? तिनं प्रेशर कुकरच्या शिट्ट्या काढल्या आणि मोकळी झाली. वडील कप रिकामा करून म्हणाले, हे खरं सूप. आधीचं जरा कडवटच होतं.

वहिनीनं हे आनंदानं कळवलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. बरं झालं, म्हणून नणंदेनं फोन ठेवला.

फ्रीजरमध्ये हाडं उरली होती. सुट्टीच्या दिवशी तिनं ती नेहमीसारखीच शिजवली, गाळली आणि ओट्याशी उभ्या उभ्या कपभर प्यायली. कुठेही कडवट लागलं नाही. तिनं आणखी एक कप भरून घेतला.