चिनी विमानांचा खड्डा

डुबुक असा आवाज झाला.

भादव्यातली दुपार. क्वार्टरांची अख्खी लाइन निजलेली, पुरुषमाणसं फॅक्टरीत, आणि मी आत तांदूळ निवडत बसले होते. तो आवाज ऐकला आणि सूप तसंच टाकून मागच्या अंगणात धावले. माझं बाळ खड्ड्याच्या काठावर पोटावर पडून खाली पाहत होतं. हातातली वाटी पाण्यात गेली होती, आणि ती आपण होऊन वर येईल अशा भरवशाने ते वाट पाहत होतं. मी त्याला उचललं. कानामागे ओली माती लागली होती. तिथेच नाक खुपसून मी उभी राहिले. दुधाचा आणि मातीचा वास येत होता.

मग मी त्या खड्ड्याकडे पाहिलं.

खरं तर तो खंदक. एकाहत्तरच्या लढाईत, भंडाऱ्याजवळच्या आमच्या जवाहरनगरला दारूगोळ्याचा कारखाना आहे म्हणून शत्रूची विमानं येतील, या धाकाने क्वार्टरा-क्वार्टरामागे लोकांनी खणलेला. लढाई संपली, लोकांनी आपापले खंदक बुजवून त्यावर वांगी लावली. आमचा तेवढा राहिला. माझे सासरे केवळराम, मी त्यांना मामाजी म्हणते, मूळचे दिघोरीचे. धानाच्या बांधावर वाढलेल्या माणसाला खणायचं म्हणजे बोडी खणणं, शेताला पाणी पुरवणारं लहानसं तळं, एवढंच ठाऊक. त्यांनी निघालेली माती चारी बाजूंनी रचली, पायांनी तुडवून तिची पार, म्हणजे बांध, घातली, तळ चोपून काढला. बाकीच्यांचे खंदक कोरडे राहून ढासळले. मामाजींच्या खंदकात डिसेंबरातही पाणी टिकून होतं. विमानांपासून लपायला त्यांनी अशी जागा केली होती, की तिथे बेडकाने लपावं.

बेडूक नाही, माझ्या सासूबाई, गोदावरीबाई, लपल्या. भोंगा झाला की मामाजी गोदावरीबाईंना हात धरून त्या पाण्यात उतरवत आणि स्वतः पारीवर उभे राहून आभाळ बघत. पहारेकऱ्यांत त्यांचं नाव होतं, चिनी विमान कसं ओळखायचं ते शिकून आले होते. लढाई संपली आणि सासूबाईंची छाती भरली. संक्रांतीचं वाण काही त्यांनी पाहिलं नाही. यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, लग्नानंतर हे एकदाच सांगितलं, आणि मामाजींपुढे कधी बोलू नको म्हणाले.

आणि ती विमानं तरी कोणती? रशियाची पाहून चीनने ठोकलेली, चीनकडून पाकिस्तानने आणलेली. नाकाच्या जागी नुसतं भोक, चुलीच्या फुंकणीसारखं. हे म्हणतात, त्यांच्या पोटात तेल मावायचं एवढंसं, भंडाऱ्यापर्यंत यायचं तर वाटेत चार गावी उतरून घासलेट मागावं लागलं असतं. असल्या फुंकण्यांच्या धाकाने आमच्या मागच्या दारी एक तळं आहे. मामाजी अजूनही फॅक्टरीच्या बसमधून उतरले की आधी वर पाहतात, मग घरात येतात.

शेजारचे भय्याजी नागपूरचा पेपर घेतात. मागल्या वर्षी त्यांनी मोठ्या हौसेने एक बातमी वाचून दाखवली. चीन आपली ती जुनी विमानं हळूहळू सेवेतून काढून टाकत होता. काही भंगारात, काही चौथऱ्यावर उभी करून पोरांना दाखवायला. मी लगेच म्हटलं, आता खड्डा बुजवू या. मामाजींनी बातमी पुन्हा वाचायला लावली.

"हळूहळू म्हन्ते ना पेपर?" ते म्हणाले. "मंग आपनही हळूहळूच बुजवू."

आणि खरोखर टोपलंभर माती आणून खड्ड्यात टाकली, हातपाय धुतले, चहा मागितला. पुढे तशी बातमी आली की एक टोपलं. भय्याजींना तर खेळच मिळाला. कुंपणावरून विचारायचे, आज चीनची काय खबर, काढता का टोपलं? चीनकडे असली विमानं हजारोंनी, आणि आमच्याकडे टोपलं एक. माझी उज्जी आता पाच वर्षांची. तिच्या लग्नापर्यंत तो खड्डा बुजला नसता. आणि बाळ तर आज रांगत तिथे पोचलं होतं.

बाळाला मी भय्याजींच्या शकुनबाईंकडे दिलं आणि फावडं काढलं.

मीही आसगावची, धानकऱ्याची लेक. भरल्या पाण्याची पार तिच्या मालकाला विचारल्याशिवाय फोडायची नाही, हे आमच्याकडे पोरं बोलायच्या आधी शिकतात. एका फोडलेल्या पारीवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला गेले नाहीत, हे मी पाहिलं आहे. तरी फावडं मारलं. मामाजींचं काम असं पक्कं, की हाताला फोड आले तेव्हा कुठे पाणी सुटलं. सुटलं ते नालीपर्यंत गेलं, खाली उरलेलं बादलीने उपसलं. उज्जी काठावर बसून टाळ्या पिटत होती.

तळाशी गाळात बाळाची वाटी होती. तिच्याशेजारी काहीतरी चौकोनी होतं. ओढून काढलं तर पाट निघाला, सागाचा, काळा पडलेला. मी तो धुऊन भिंतीला टेकवला आणि चारी बाजूंची पार त्या खड्ड्यात लोटायला लागले. उज्जी फ्रॉकमधून माती आणत होती.

मामाजी बसमधून उतरले. नेहमीप्रमाणे आधी वर पाहिलं, मग मागे आले. जिथे पार होती तिथे बघत उभे राहिले.

"पार फोडली, बाई."

मी सांगितलं, बाळ काठावर होतं. त्यांनी मान हलवली. बाळ कुठे आहे विचारलं, शकुनबाईंकडे आहे म्हटल्यावर बरं म्हणाले. मी फावडं ठेवणार, तेवढ्यात ते पुटपुटले, "पन समदे नाही काढले चीननं. अजून हायेत काही."

तिथे माझं तोंड सुटलं.

"राहू द्या ना मामाजी. भंगार होतं ते, तवाही भंगारच होतं. इथवर येनारच नोहतं एकही."

मामाजींचं लक्ष भिंतीकडे गेलं. त्यांनी पाट उचलला, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसला. धुतलेलाच होता, तरी कोपरान् कोपरा पुसत राहिले.

उज्जी जवळ जाऊन उभी राहिली. या पाटाची गोष्ट तिला पाठ होती. आजीचे पाय भिजत, पण लुगडं भिजू नये म्हणून आबाजींनी, म्हणजे मामाजींनी, विटांवर पाट ठेवला होता, आणि आजी त्यावर राणीसारखी बसायची, ही गोष्ट ते तिला रोज जेवताना सांगत. तिने पाटाकडे पाहिलं, आबाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली.

"आई," ती म्हणाली, "विमान येनारच नोहतं, तं आजी पान्यात कायले बसली होती?"