राजधानीला निघालेली चाकांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. कारखान्यात माझ्या नळ्या वाकवल्या, दवाखान्याने मला झिजवून काढून टाकलं आणि शेवटी मी आत्यांकडे आले. आत्या म्हणजे या घरच्या मालकाची थोरली बहीण. जन्मभर त्यांनी कारखान्यात पडदे शिवले. पाय गेल्यापासून त्या माझ्यावर बसतात. त्यांचं मला कधी ओझं झालं नाही. ओझं झालं ते बाकीच्यांचं.

यंदा घराने राजधानी पाहायला जायचं ठरवलं. भाच्याने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि लढाईवर निघाल्यासारखा लाल पेन चालवू लागला. राजवाडा, संग्रहालय, मनोरा, बाजार. कुठे किती वेळ थांबायचं ते ठरलं; तिथे काय पाहायचं, ते एकालाही ठाऊक नव्हतं. मनोऱ्यासमोर फोटो निघाला की मनोरा पाहून झाला, एवढीच यांची झेप. भावजयीचा जीव तर आधीच बाजारात जाऊन बसला होता.

आत्यांनी एकच मागणं केलं. तिथल्या मोठ्या नाट्यगृहाचा पडदा त्यांनी शिवला होता. तो टांगलेला त्यांना पाहायचा होता. भाचा म्हणाला की त्या दिवशी नाटक नाही, नुसता पडदा काय बघायचा. मग आत्यांचं काय करायचं याची चर्चा झाली, आणि तीही त्यांच्यासमोरच. पायऱ्या आल्या की त्यांनी दारात थांबावं, पिशव्या माझ्या दांड्यांना लटकवाव्यात, असं ठरलं. आपल्या हुशारीवर सगळे बेहद्द खूश झाले.

आत्यांनी कप खाली ठेवला. "खुर्ची घेऊन जा तुम्ही. पिशव्यांची सोय होईल. मी येत नाही."

भावाने मान खाली घातली. बहिणीच्या तोंडाकडे पाहायची त्याची छाती झाली नाही. मला मात्र कुणी हात लावला नाही. मंडळी गेली आणि पाय सुजवून, आपसात अबोला धरून परतली. फोटोतला राजवाडा कुठला नि संग्रहालय कुठलं, यावर पुन्हा भांडली.

पुढे आत्यांची जुनी मैत्रीण आली. शेजारच्या मशीनवर बसायची ती. दोघींचा बेत एका चहात ठरला: गाडी पकडायची, नाट्यगृह पाहायचं, परत यायचं. तिथल्या रखवालदाराने त्यांचं म्हणणं ऐकलं आणि रंगमंचावरचे दिवे लावले. आत्यांनी मला पडद्याला अगदी खेटून उभं करायला लावलं. काठ चाचपत त्या हळूच म्हणाल्या, "कुठे उसवला नाही गं."

मैत्रीण नुसतीच डोळे पुसत राहिली. आम्ही तिथे बराच वेळ होतो.

मित्रांनो, माझ्या चाकांना तेल घाला, ते हवंच. पण कुठे जायचंय ते आधी खुर्चीतल्या माणसाला विचारा. तेवढं विचारायला फार अक्कल लागत नाही.