चांगला पाय आधी

अवधूत परचुरे पेढे घेऊन घरी आला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. शाळेत असताना हा मुलगा लांब उडीला कायम रेषेच्या पुढून उडी मारायचा आणि वर तोंड करून विचारायचा, "बाई, फाउल कसा काय?" आता तो नारायण पेठेतल्या जिज्ञासा मंडळाचा कार्यवाह आहे. सवय तीच आहे.

"बाई, अभिनंदन! यंदाचा जिद्द पुरस्कार तुम्हाला. मृत्यूवर मात केलेली वीरांगना, असं छापतोय आम्ही."

मी पेढा तोंडात टाकला. पेढा चांगला होता.

"आणि एक छोटीशी गोष्ट," अवधूत म्हणाला. "खालची खोली आपण सोमवारपासून कॅफेला देतोय. तुमचा ग्रुप आता वरच्या हॉलमध्ये बसेल. वर पंखे नवीन आहेत, हवाही छान येते."

"आणि जिना?"

तो मनापासून हसला. "काय बाई! मृत्यूला हरवलंत तुम्ही, आणि जिन्याचं काय घेऊन बसलात?"

पेढ्यांचा खोका माझ्या उजव्या हाताशीच होता. फेकला नाही, कारण दारात उभा असलेला माझा नवरा मन्सूर डोळ्यांनी नको नको म्हणत होता. अवधूत गेल्यावर तो जवळ येऊन बसला. "नाजिमा, गुस्सा थूक दे."

"थुंकणार आहे," मी म्हटलं. "जागा ठरायची आहे फक्त."

मी नाजिमा तांबोळी. सगळी नोकरी शाळेत खेळाची बाई म्हणून केली. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानावर, तोंडात शिट्टी, समोर चारशे मीटरची शर्यत चालू, आणि डोक्यात कुणीतरी खिळा ठोकावा तशी कळ आली. मेंदूत रक्तस्राव. पोरं गुणी, त्यांनी आधी शर्यत पूर्ण केली आणि मग मी आडवी का झाले ते बघायला आली. मीच तसं शिकवलं होतं.

जगले. डावा हात आणि डावा पाय मात्र माझं ऐकेनासे झाले. जीभ शाबूत राहिली, याचं आमच्या नात्यात बऱ्याच जणांना वाईट वाटलं असावं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच सांगायचा, आता आराम करा. देवाने वाचवलंय ना, मग गप्प बसा, पडून राहा, टीव्ही बघा. जणू वाचवलेली माणसं कपाटात ठेवायची असतात. मला त्या दिवसांत इतका संताप यायचा की उशी चावायचे.

मग एक दिवस फिजिओथेरपीला हॉस्पिटलात बसले होते. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ होते, उजवी बाजू गेलेली. नर्स आली आणि त्यांच्या बायकोला विचारलं, "यांना भूक लागली आहे का?" बायको काही बोलायच्या आत मीच ओरडले, "त्यांना विचारा की! समोर बसलेत ते!" नर्स दचकली. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "च्यायला!"

बायकोने कपाळावर हात मारला. "एवढंच ऱ्हायलंय बगा ह्यांचं. बाकी समदं बोलनं गेलं."

ते भीमराव आणि त्या सरुबाई. हिंजवडीचे. शेतात कंपन्या उभ्या राहिल्या आणि हे दोघं सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेले. तिथे भीमराव दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचे. पाहुणे आले की मुलगा त्यांना आतल्या खोलीत नेऊन ठेवायचा, कारण तोंडातून निघणार तो एकच शब्द. मला हे ऐकून पुन्हा उशी आठवली.

म्हणून मी मंडळाची खालची खोली मागितली. कॅरम क्लब बंद पडला होता, खोलीत मोडक्या खुर्च्या आणि धूळ होती. कुणाला नको होती म्हणून लगेच दिली. आम्ही ती झाडली, भिंतीला दोर बांधला, जमिनीवर खडूने पट्टे आखले. सकाळी आमच्यासारखी अर्धं अंग गेलेली माणसं यायला लागली. मी शिट्टी वाजवायची, ती पट्ट्यावरून चालायची. शर्टाची बटणं लावायची, पोहे चमच्याने खायचे, सांडले तर आपले आपण पुसायचे. बरोबरच्या माणसांना मी बाहेर बाकावर बसवायचे. नाहीतर ती सगळं स्वतःच करून टाकतात.

ऋषी आला तो खराडीहून. तिशीतला पोरगा, सॉफ्टवेअरवाला. पक्षाघातातून उठून परत कामावर गेला तेव्हा कंपनीने त्याला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या, 'रियल हीरो' म्हणून फोटो टाकला आणि पुढच्याच महिन्यात प्रोजेक्टवरून काढलं. "बाई, त्या टाळ्या म्हणजेच माझी एक्झिट होती," तो म्हणायचा. पहिले कित्येक दिवस तो खोलीत नुसता बसून राहिला. आता नवीन माणूस आला की चमचा धरायला तोच शिकवतो, आणि माझ्यापेक्षा कमी ओरडतो.

भीमरावांचं तर काय सांगू. आमच्या खोलीत त्या एका शब्दाला किती अर्थ आले! आनंदाचं च्यायला वेगळं, दमल्याचं वेगळं, चहा पांचट झाल्याचं वेगळं. आम्हाला सगळे कळायचे. घरी न बोलणारा हा माणूस आमच्याकडे गप्पा मारायचा. त्यासाठी सरुबाई त्यांना हिंजवडीच्या त्या गर्दीतून बस बदलत घेऊन यायच्या.

आणि आता तिथे कॅफे होणार. आम्ही वर जायचं. तो जिना अवधूतने रोज पाहिलाय. अरुंद, उभा, दगडी पायऱ्या झिजलेल्या, कठडा फक्त चढताना डाव्या हाताला. खोली गेली की पहिले भीमराव यायचे थांबणार, आणि पुन्हा त्या सातव्या मजल्यावर भिंतीकडे तोंड करून बसणार. हे मला दिसत होतं. कार्यकारिणीतल्या एकाही शहाण्याला दिसत नव्हतं, कारण ते सगळे माझ्या सत्काराच्या तयारीत होते.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत सगळ्यांना सांगितलं.

"वर न्हाई जमायचं, बाई," सरुबाई म्हणाल्या.

"जमणार नाही, तेच दाखवायचंय."

"म्हणजे प्रोटेस्ट का?" ऋषीने विचारलं.

"अजिबात नाही. माझा सत्कार आहे, तुम्ही आमंत्रित आहात. शनिवारी सगळे वेळेवर यायचं आणि आपल्या पायांनी वर जायचं. कुणालाही उचलू द्यायचं नाही. एवढंच."

अवधूतचा मध्ये फोन आला होता. दोन कार्यकर्ते मला खुर्चीसकट उचलून वर नेतील, फोटोलाही छान दिसेल, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, बघू.

शनिवारी संध्याकाळी मी बरोबर सहाच्या ठोक्याला पहिल्या पायरीशी उभी राहिले. गळ्यात शिट्टी. माझ्यामागे भीमराव, त्यांच्या पाठीशी सरुबाई, मग ऋषी, मग आमची बाकीची सगळी फौज. वर हॉल भरला होता, माइकवरून हॅलो हॅलो चाललं होतं. मी वळून सांगितलं, "लक्षात आहे ना? चढताना चांगला पाय आधी. मागचा पाय टेकल्याशिवाय पुढची शिट्टी नाही."

शिट्टी वाजली. एक पायरी.

कठडा डावीकडे आणि माझा डावा हात निकामी. मी उजवा तळवा भिंतीला लावून चढत होते, चुन्याने तो पांढरा झाला. भीमरावांना कठडा मिळाला, पण त्यांचा उजवा पाय प्रत्येक पायरीला अडायचा आणि सरुबाई श्वास रोखून बघत राहायच्या. शिट्टी. थांबा. शिट्टी. जिन्यात दुसऱ्या माणसाला जायला वाव नव्हता, आणि मी कुणाला वाट देणारही नव्हते.

आम्ही जेमतेम जिन्याच्या मध्यावर पोचलो असू, तेवढ्यात खाली गाडीचं दार वाजलं. प्रमुख पाहुण्या आल्या होत्या. तेजस्विनी भोंडवे, मसाल्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाई. त्या आमच्या रांगेच्या शेवटी येऊन थांबल्या. वर माइकवरून घोषणा झाली, "पाहुण्यांचं आगमन झालेलं आहे!" हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आगमन जिन्याखाली अडकलं होतं.

अवधूत धावत जिना उतरला. "बाई, अहो काय हे! वेळ होतोय, द्या हात," म्हणत त्याने माझा डावा हात धरला आणि वर ओढला.

डावा हात असा ओढायचा नसतो. खांदा निखळतो आणि माणूस आपटतो. माझा पाय निसटला. मागे भीमराव कठड्याला बिलगले, सरुबाई किंचाळल्या. मी भिंतीला गाल घासून कशीबशी सावरले आणि मैदानावर द्यायचे तशी आरोळी दिली.

"हात सोड, परचुरे!"

त्याने हात सोडला. भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. आपण पडलो तर मागची सगळी माणसं पडतील, हे मला तेव्हा कळलं आणि त्याचाही राग आला.

खालून तेजस्विनीबाईंचा आवाज आला. "काय चाललंय? रोज असंच चढतात का हे लोक?"

"नाही हो मॅडम, आज जरा..." अवधूत म्हणाला.

"सोमवारपासून रोज," मी म्हटलं. "आमची खोली खाली आहे. तिथे कॅफे येतोय, म्हणून मंडळाने आम्हाला वरची जागा दिली आहे. पंखे नवीन आहेत वर."

"बाई, हा विषय आत्ता नको."

"का नको? मी मृत्यूला हरवलंय म्हणून जिना मला काहीच नाही, असं तूच म्हणालास ना? मग चढतेय की! तू बाजूला हो."

तो बाजूला होऊ शकत नव्हता. जिन्यात जागाच नव्हती. खाली उतरायचं तर वाटेत मी होते, आणि परत वर जायला त्याच्या मागे मंडळाचे अध्यक्ष हार घेऊन उभे होते. तसेच सगळे अडकून राहिलो.

"नाजिमाबाई," खालून तेजस्विनीबाई म्हणाल्या, "मी काय म्हणते, सत्कार खालीच करूया का?"

"करूया. पण उतरायला जास्त वेळ लागतो. थांबायची तयारी आहे?"

"आहे."

"उतरताना कमजोर पाय आधी!" मी मागे ओरडले. ऋषीने ते पुढे शेवटपर्यंत पोचवलं, आणि आमची रांग उलटी सरकायला लागली. तेजस्विनीबाई थांबल्या. वरून सगळा हॉल कठड्यावरून वाकून बघत होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

खालच्या खोलीत दिवा लावला. भिंतीला दोर, जमिनीवर खडूचे पट्टे. आलेले लोक दारात दाटीवाटीने उभे राहिले. तेजस्विनीबाईंनी शाल उचलली, अध्यक्षांनी नारळ पुढे केला.

"दोन्ही धरायला मला दोन हात लागतील," मी म्हटलं. "चालू एकच आहे. त्यात किल्ली द्या."

"कसली किल्ली?" अध्यक्षांनी विचारलं.

"ह्या खोलीची."

अवधूत घामाघूम झाला होता. "बाई, असं कसं देता येईल? कार्यकारिणीत विषय घ्यावा लागेल, ठराव व्हावा लागेल, कॅफेवाल्यांशी बोलणं झालंय..."

मी हात पुढे केला तो केला. तळव्याला अजून जिन्याचा चुना होता. आयुष्यात कधी पोरांसमोर रडले नव्हते आणि त्या दिवशी रडायला आलं, पण रागाने आलं. माणूस मरणातून परत आला म्हणून त्याला शाल द्यायची आणि त्याच्या पायाखालची फरशी काढून घ्यायची, हे ह्या लोकांना खरोखरच विसंगत वाटत नव्हतं. त्यांना वाटत होतं, मी समारंभाचा विरस करतेय.

तेवढ्यात माझ्या मागून, शांतपणे, एकेक अक्षर चावून आवाज आला.

"च्या. य. ला."

तेजस्विनीबाईंनी सरुबाईंकडे पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणाले हे?"

सरुबाईंनी पदर सारखा केला. आजवर ह्या शब्दासाठी त्यांनी शंभरदा लोकांची माफी मागितली असेल. त्या दिवशी त्यांनी मान वर केली.

"लवकर द्या म्हनत्यात."

तेजस्विनीबाई अवधूतकडे वळल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. दारातले लोकही बघत राहिले. अवधूतने खिशातून जुडगा काढला. किल्ली कडीतून सोडवायला त्याला दोन्ही हात लागले. एका हाताने ते काम करून बघ, असं मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला. मथळा होता, 'जिद्दीला सलाम'. जिन्याबद्दल एक ओळ नव्हती.

सोमवारी मी लवकर गेले. दाराचं कुलूप जुनं, जड. एका हाताने ते धरून दुसऱ्याने किल्ली फिरवल्याशिवाय उघडत नाही. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले, मग भीमराव आले. त्यांनी डाव्या हाताने कुलूप धरलं, मी उजव्याने किल्ली फिरवली. तेव्हापासून रोज असंच उघडतो.

मंडळाचा ठराव अजून झालेला नाही. अवधूत म्हणतो, विषय पुढच्या बैठकीत घेऊ. घ्या म्हटलं, सावकाश घ्या. किल्ली आमच्याकडे आहे.