पन्नास किलोसाठी पाटे

पिकअपचे पाटे बदलले, गाडी पाळण्यासारखी चालायला लागली आणि त्यापायी मालक एकटा पडला. पण हे आपल्याला अजून कळलेलं नाही असं धरून चालू, कारण मालकालाही ते अजून कळलेलं नाही. तो सध्या गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांशी बोलतो आहे.

"माल काय न्यायचाय?" पायांनी विचारलं.

"माणूस."

"किती?"

"एकच. पन्नास किलोचा. जेवलेला असला तर एक्कावन्न."

 मग पाटेवाला सरपटत बाहेर आला, उठून बसला आणि मालकाकडे डॉक्टर बघतो तसं बघायला लागला. त्याच्याकडे लोक पाटे वाढवायला येत. मागच्या चाकांवरची ही पोलादी पट्ट्यांची चळत जितकी जाड, तितका माल जास्त भरता येतो. रिकाम्या गाडीत मात्र ती बसणाऱ्याची हाडं मोजते. पट्ट्या कमी करा, लांब आणि पातळ घाला, गाडी मऊ करा, असं सांगणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

त्याने बजावून सांगितलं, की मऊ होईल, पण मग यात कपाट चढवायचं नाही. एक जरी चढवलं तरी गाडी मागून बसेल आणि पुन्हा उठणार नाही.

"चालेल," मालक म्हणाला. "कपाटांना दुसरी गाडी मिळेल."

मालकाला सगळे मालक म्हणत, कारण त्याच्या मालकीची ही एक गाडी होती. फर्निचरच्या दुकानातून लोकांच्या घरी कपाटं पोचवायची, हा त्याचा धंदा. लग्न केलं नव्हतं. जरा सवड मिळाली की बघू, असं त्याने ठरवलं होतं, आणि सवड मिळाली तेव्हा बघायला कोणी तयार नव्हतं. त्यामुळे त्याच्या आयुष्यात बोलण्यासारखा माणूस एकच होता. तो गाडीत डाव्या बाजूला बसायचा, आणि त्याचं नाव पैलवान.

पैलवानाने कुस्ती फक्त लांबून पाहिली होती. पण एकदा त्याने लोखंडी कपाट एकट्याने पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर नेलं, पत्ता चुकलाय असं कळल्यावर तसंच खाली आणलं, आणि शेजारच्या इमारतीत पुन्हा वर नेलं. तेव्हापासून तो पैलवान. लोक ती गोष्ट हसून सांगत. पाठ मात्र ती गोष्ट विसरायला तयार नव्हती.

दोघांचं बोलणं धक्क्यांवर चालायचं. चाक खड्ड्यात गेलं की पैलवान मान वळवून मागच्या काचेतून कपाट पाही आणि "आहे" म्हणे. मग खड्डा करणाऱ्याला एक शिवी. शिवीवरून त्याला कोणीतरी आठवे, त्या माणसावरून त्याची बायको, बायकोवरून जग. पुढचा खड्डा येईपर्यंत जग पुरे. सपाट रस्त्यावर दोघेही मुक्याने बसत. सगळं आयुष्य त्यांनी असं काढलं होतं, आणि आपण बोलतो ते खड्ड्यांच्या जिवावर, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मग पाठीची चकती सरकली. डॉक्टरांनी हमाली बंद केली आणि वर म्हणाले, त्या पिकअपमध्ये तर बसायचंसुद्धा नाही. पैलवान खोलीत एकटा. मुलगा मोठ्या शहरात. तो न्यायला आला. खाट आणि ट्रंक काकांच्या, म्हणजे मालकाच्याच, पिकअपमधून येतील, बाबांसाठी वेगळी कार सांगितली आहे, असं त्याने मालकाला कळवलं.

मालक "बरं" म्हणाला, घरी गेला, आणि मागच्या खोलीतले जुने टायर अंगणात काढायला लागला. खोली झाडली. खिडकीची कडी गेली होती, ती बसवली. पैलवान इथे राहू शकतो, हे त्याला टायर काढता काढता सुचलं होतं. फक्त ते पैलवानाला सांगायचं राहिलं होतं. आणि अशी गोष्ट समोरासमोर उभं राहून सांगायची तर माणसाला हात कुठे ठेवावेत हेच कळत नाही. अशी गोष्ट गाडीत सांगायची असते. दोघांची तोंडं रस्त्याकडे असताना. म्हणजे पैलवान पिकअपमध्ये बसायला हवा. म्हणजे पाटे.

पाटेवाल्याने पाटे आवळून धरणारे गंजलेले यू-बोल्ट गॅसने तापवून काढले. भंगारात निघालेल्या एका प्रवासी गाडीचे लांब, पातळ पाटे आणले, नवे बुश बसवले, ग्रीस भरलं. काम झाल्यावर मालकाने मुलाला शेजारी बसवून गावाला एक चक्कर मारली. मुलगा उतरला आणि वाकून चाकांकडे बघत राहिला.

"काका, कार रद्द करतो," तो म्हणाला. "बाबा यातच येतील. मी बसने पुढे जाऊन घर उघडून ठेवतो."

मालकाला इतका आनंद झाला, की परतीच्या वाटेवर त्याने फर्निचरच्या दुकानात थांबून धंदा बंद केल्याचं सांगितलं. दुकानदाराने कारण विचारलं. मालक म्हणाला, गाडी फार चांगली झालीय.

निघायच्या सकाळी पैलवान हाताने कंबर धरत आला, सीटवर बेताने टेकला आणि पहिल्या खड्ड्याची वाट बघत डोळे मिटून बसला. खड्डा आला. गाडीने तो गिळून टाकला.

"मेलो नाही," पैलवान आश्चर्याने म्हणाला.

"पाटे बदलले."

"माझ्यासाठी?"

"गाडीसाठी," मालक म्हणाला. बोलायला ही जागा उत्तम होती, पण गाव संपेपर्यंत थांबू, असा त्याने विचार केला. गाव संपलं. त्याने घसा साफ केला, डावीकडे पाहिलं, तर पैलवानाची मान खिडकीला टेकली होती आणि तोंड उघडं होतं.

असू दे, पाच मिनिटांत उठेल. मालकाने वाक्य मनात घोळवलं. 'मागची खोली रिकामीच आहे.' हे फार उघडं वाटलं. 'खोलीला नवी कडी बसवलीय.' हे बरं होतं, त्यात काही मागितल्यासारखं नव्हतं. रस्ताही नेमका त्याच महिन्यात नवा केलेला. सगळं काळंभोर आणि गुळगुळीत. पूल आला, गेला. मालकाने वेग इतका कमी केला, की एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं आणि वळून काळजीने पाहिलं. मग मालकाने डावी चाकं मुद्दाम रस्त्याखाली उतरवली. दगड होते, खाचा होत्या. पाट्यांनी सगळं पोटात घेतलं. पैलवान झोपेतच हसल्यासारखा दिसला.

हाक मारणं सोपं होतं. मालकाने हात त्याच्या खांद्यापर्यंत नेलासुद्धा. पण मुलाने सांगितलं होतं, की कित्येक महिने बाबांना पाठीमुळे झोप नाही, भिंतीला धरून उभे राहतात आणि उजाडायची वाट बघतात. मालकाने हात गिअरवर परत ठेवला. गिअर बदलायची काही गरज नव्हती, तरी बदलला.

इमारतीखाली मुलगा उभाच होता. इंजीन बंद झालं आणि शांततेने पैलवानाला जाग आली. त्याने इकडे तिकडे पाहिलं.

"पोचलो? इतक्यात?"

"पोचलो."

"असा झोपलो नव्हतो रे कधी." त्याने तोंड पुसलं. "मालक, गावाबाहेर तू काहीतरी म्हणत होतास का? घसा खाकरलास असं वाटलं."

मुलाने ट्रंक उचलली होती. लिफ्टचं दार उघडं होतं.

"पाटे कसे वाटले, विचारत होतो."

"झकास आहेत पाटे," पैलवान म्हणाला. लिफ्टमध्ये उभा राहिल्यावर त्याने सवयीने मान वळवून ट्रंककडे पाहिलं, पण "आहे" काही म्हणाला नाही. दार बंद झालं.

परत आल्यावर मालक जुने पाटे मागायला गेला. ते लोहाराकडे गेले होते आणि त्यांचे विळे झाले होते. आठवड्याने मुलाचा फोन आला. बाबांना अधूनमधून जुन्या डॉक्टरांना दाखवायला आणावं लागेल, काकांनीच न्यावं-आणावं, कारण बाबांना दुसरीकडे कुठेच झोप लागत नाही, फक्त काकांच्या गाडीत लागते. मालक म्हणाला, आणीन की.

मग तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून रस्त्यांच्या कचेरीत गेला. खिडकीमागच्या बाईंना वाटलं, खड्ड्याची तक्रार असेल. त्या म्हणाल्या, खड्डे मागच्या महिन्यातच बुजवलेत. मालक म्हणाला, तेच तर. बाईंनी चष्मा वर सरकवला आणि जे काय असेल ते नीट, कचेरीच्या भाषेत सांगा, म्हणाल्या. मालकाने हात कुठे ठेवावेत ते न कळून ते मागे बांधले.

"सदर रस्ता उत्तम झाल्याबद्दल माझी काहीही हरकत नाही. तथापि, पुलाच्या अलीकडे, डाव्या चाकाखाली येईल अशा बेताने, एक खड्डा खणून मिळावा. खोली अशी असावी की शेजारी बसलेला इसम जागा होईल, परंतु त्याच्या पाठीत कळ येणार नाही. खड्डा फक्त एकदा वापरायचा आहे. माझं बोलून झालं की खात्याने तो तात्काळ बुजवावा, ही विनंती."